पन्नाशी ओलांडल्यावर ट्रम्पेटवाल्याचं नाव रेकॉर्डवर आलं, आणि तेही मुंबईत! क्रिकेट स्मिथच्या बँडची गोष्ट

आमच्या यवतमध्ये ट्रम्पेट हा शब्द घराघरात पोहोचला तो २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत. यवत दौंड विधानसभेत, म्हणजे बारामती लोकसभा मतदारसंघात येतं. तिथं एका पक्षाचं चिन्ह होतं 'तुतारी वाजवणारा माणूस' आणि एका अपक्षाला मिळालं होतं ट्रम्पेट. पण मराठीत त्या ट्रम्पेटचं नावही 'तुतारी' असंच छापलं गेलं. मग काय, तक्रारी झाल्या, बातम्या झाल्या आणि पारावर बसणाऱ्या माणसालाही दोन्हीतला फरक पाठ झाला.

तरी एकदा सांगतो. तुतारी म्हणजे वाकडी, लांब, बिनबटणांची नळी. ती ओठांच्या जोरावर मोजकेच सूर काढते. ट्रम्पेटवर तीन बटणं असतात, त्यांना व्हॉल्व म्हणतात. बटण दाबलं की हवेचा रस्ता लांब होतो आणि सूर खाली येतो. एवढ्या तीन बटणांमुळे ट्रम्पेटवर सगळे सूर निघतात. लग्नाच्या वरातीत बँडच्या गाडीपुढे चालत जो माणूस गाण्याची चाल वाजवतो, त्याच्या हातात बहुतेक वेळा हेच असतं.

आता त्याच वरातीतला एक प्रश्न. बँडच्या गाडीवर मोठ्या रंगीत अक्षरांत नाव कुणाचं असतं? मालकाचं. ट्रम्पेटवाल्याचं नाव तुम्ही कधी वाचलंय? यवतहून सोलापूरच्या दिशेने थोडं पुढे गेलं की चौफुल्याची संगीतबारीची थिएटर्स लागतात. तिथल्या फलकावरही नाव पार्टीचं असतं, ढोलकीवाल्याचं नाही.

जगभर, अगदी जॅझमध्येसुद्धा, हेच चालत आलंय. म्हणून जॅझच्या दुनियेत एखाद्या मुरलेल्या वादकाने 'लीडर म्हणून पहिला अल्बम' काढला की त्याची बातमी होते. तीस-तीस वर्षं दुसऱ्याच्या बँडमध्ये वाजवल्यावर कव्हरवर स्वतःचं नाव येणं ही तिथं साधी गोष्ट नाही.

अशाच एका ट्रम्पेटवाल्याची गोष्ट थेट मुंबईत घडलीय. साल होतं १९३६, जागा ताजमहाल हॉटेल आणि माणसाचं नाव क्रिकेट स्मिथ.

नाव क्रिकेट, पण खेळाशी संबंध नाही

खरं नाव विल्यम स्मिथ. 'क्रिकेट' हे टोपणनाव. इंग्रजीत रातकिड्याला क्रिकेट म्हणतात. जन्म १८८० च्या दशकाच्या सुरुवातीचा, अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातला. कृष्णवर्णीय कुटुंब. अमेरिकेतली गुलामगिरी कायद्याने संपून तेव्हा जेमतेम वीस वर्षं होत होती.

हा गडी सुरुवातीला कॉर्नेट वाजवायचा. कॉर्नेट म्हणजे ट्रम्पेटचा बुटका भाऊ. बटणं तीच, वाजवायची पद्धत तीच, आवाज जरा मऊ.

न्यूयॉर्कमध्ये तो जेम्स रीस युरोप यांच्या 'सोसायटी ऑर्केस्ट्रा'त आला. युरोप हे खंडाचं नाव नाही, माणसाचं आडनाव आहे. त्या काळी न्यूयॉर्कच्या श्रीमंतांच्या पार्ट्यांना या माणसाचे बँड लागायचे. व्हर्नन आणि आयरीन कॅसल हे नाचणारं जोडपं तेव्हा अमेरिकेत भलतंच गाजत होतं आणि त्यांच्यासाठी संगीत द्यायचे युरोप. चार मात्रांवरचा 'फॉक्सट्रॉट' हा जोडीने करायचा नाच १९१४ च्या आसपास याच मंडळींनी घराघरात नेला. हा फॉक्सट्रॉट लक्षात ठेवा, पुढे तो पुन्हा भेटणार आहे.

डिसेंबर १९१३ आणि फेब्रुवारी १९१४ मध्ये युरोप यांच्या बँडने 'व्हिक्टर' कंपनीसाठी रेकॉर्ड्स केल्या. ज्याला जगातली पहिली जॅझ रेकॉर्ड म्हणतात ती निघाली १९१७ मध्ये आणि ती वाजवणारे पाचही जण गोरे होते. म्हणजे त्याच्या तीनेक वर्षं आधीच स्मिथचा कॉर्नेट तबकडीवर कोरला गेला होता.

पण लेबलवर नाव कुणाचं? युरोप यांच्या ऑर्केस्ट्राचं.

त्या काळी माइक नव्हता. एका मोठ्या भोंग्यासमोर सगळ्यांनी उभं राहून वाजवायचं आणि त्या आवाजाच्या धक्क्याने सुई मेणावर रेघ ओढायची. व्हायोलिनवाले भोंग्याजवळ, कॉर्नेट-ट्रम्पेटवाले लांब मागे, कारण त्यांचा आवाज बाकीच्यांना गिळून टाकायचा. सगळ्यात मोठा आवाज ज्याचा, त्यानेच सगळ्यात मागे उभं राहायचं!

पॅरिसमध्येही नाव दुसऱ्याचंच

मे १९१९ मध्ये जेम्स रीस युरोप यांचा खून झाला. बोस्टनमधल्या कार्यक्रमात त्यांच्याच बँडमधल्या एका ड्रमरने त्यांच्यावर चाकू चालवला. त्याच सुमारास क्रिकेट स्मिथ समुद्र ओलांडून पॅरिसला पोहोचला होता. तो लुई मिचेल या ड्रमरच्या 'जॅझ किंग्ज' बँडमध्ये होता. हा बँड 'कसिनो द पारी'मध्ये वाजवायचा. पहिलं महायुद्ध नुकतंच संपलेलं, पॅरिसला नाचायचं होतं आणि कृष्णवर्णीय अमेरिकन वादकांना तिथं मान होता. अमेरिकेत ज्या हॉटेलात ते वाजवत, तिथंच त्यांना जेवायला बसता येत नसे. पॅरिसमध्ये निदान तसं नव्हतं.

१९२० च्या दशकाच्या सुरुवातीला या बँडने 'पाथे' कंपनीसाठी बऱ्याच रेकॉर्ड्स केल्या. युरोपात जॅझ कसा रुजला हे शोधणारे अभ्यासक आजही त्या ऐकतात. लेबलवरचं नाव? 'मिचेल्स जॅझ किंग्ज'.

बँडलीडर नेमकं करतो काय?

आता कुणी म्हणेल, नावात काय आहे, पगार मिळाला ना? तर तसं नाही.

हॉटेलशी करार लीडर करतो. किती महिन्यांचा सीझन, रात्री किती तास वाजवायचं, वादकांची राहायची सोय काय, हे तो ठरवतो. कुणाला बँडमध्ये घ्यायचं आणि कुणाला काढायचं तेही तोच. कोणती गाणी, कोणत्या क्रमाने, कुणाला एकट्याने वाजवायला किती वेळ, सगळं त्याच्या हातात. पैसे हॉटेलकडून त्याच्याकडे येतात आणि त्याच्याकडून बाकीच्यांकडे. पगार थकला तर शिव्याही त्यालाच. तमाशाचा फडमालक जो व्याप सांभाळतो तसाच हा प्रकार.

बाकीचे वादक म्हणजे इंग्रजीत 'साइडमन'. बाजूचा माणूस. त्याला ठरलेली बिदागी मिळते, रेकॉर्ड कितीही खपली तरी तेवढीच. आणि पन्नास वर्षांनी कुणी तबकडी हातात घेतली तर त्याचं नाव तिच्यावर नसतं. कुणा संशोधकाने जुनी कागदपत्रं चाळून शोधलं तरच ते कळतं.

ट्रम्पेटच्या बाबतीत तर अजून एक अडचण आहे, वयाची. हे वाद्य वाजतं ओठांच्या थरथरण्यावर. ओठांना आधार पुढच्या दातांचा, त्यामागे पोटातली हवा. वय झालं, दात हलले की सूर हलतो. व्हायोलिनवाला सत्तरीतही वाजवू शकतो, ट्रम्पेटवाल्याचं गणित तसं नसतं. म्हणून ट्रम्पेटवाले लीडर झाले तर बहुधा तरुणपणीच होतात. लुई आर्मस्ट्राँगचं उदाहरण घ्या. त्याच्या नावाने 'हॉट फाइव्ह'च्या रेकॉर्ड्स निघायला लागल्या तेव्हा तो २४ वर्षांचा होता.

क्रिकेट स्मिथची वेळ आली तेव्हा त्याने पन्नाशी ओलांडली होती.

ताजचा डान्स हॉल

मुंबईचं ताजमहाल हॉटेल सुरू झालं १९०३ मध्ये. १९३० च्या दशकात तिथं राजे-महाराजे, पारशी शेठ, गोरे साहेब, जहाजावरून उतरलेले पाहुणे अशी सगळी गर्दी असायची आणि संध्याकाळी नाच व्हायचा. नाचायला बँड हवा आणि बँड शक्यतो 'ओरिजिनल' हवा. म्हणून १९३५ मध्ये ताजने लिऑन ॲबी या कृष्णवर्णीय अमेरिकन व्हायोलिनवादकाचा बँड आणला. मुंबईने पहिल्यांदाच असा अख्खा बँड समोरासमोर ऐकला. ॲबीबरोबर काम करायला इथं आलेल्या वादकांत क्रिकेट स्मिथही होता.

ॲबी गेल्यावर ताजमध्ये स्मिथचा स्वतःचा बँड उभा राहिला. नाव ठेवलं 'क्रिकेट स्मिथ अँड हिज सिम्फोनियन्स'. मधल्या दोन शब्दांचा अर्थ 'आणि त्याचे'. न्यूयॉर्कच्या आणि पॅरिसच्या त्या तबकड्यांवर हा माणूस कुणाचा तरी होता, आता बाकीचे त्याचे झाले.

१९३६ मध्ये 'रेक्स' या लेबलवर या बँडची रेकॉर्ड निघाली. गाण्याचं नाव 'ताजमहाल' आणि प्रकार फॉक्सट्रॉट! तोच नाच, जो बावीस वर्षांपूर्वी न्यूयॉर्कमध्ये युरोप यांच्या ऑर्केस्ट्राने लोकांच्या पायात बसवला होता, तेव्हा मागे उभा राहून हाच माणूस कॉर्नेट वाजवत होता. चाल मात्र अमेरिकेतून आलेली नव्हती. ती बांधली होती मुंबईच्याच मीना सायलस यांनी. कॅन्ससचा वादक, मुंबईचा संगीतकार, कुलाब्याचं हॉटेल आणि तबकडीच्या मध्यावर स्मिथचं नाव.

मी याला 'अल्बम' म्हणत नाहीये हे तुमच्या लक्षात आलं असेल. कारण आज आपण ज्याला अल्बम म्हणतो तो तेव्हा नव्हताच. तबकडी मिनिटाला ७८ फेरे घ्यायची आणि एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावायची. बँडला जे काय सांगायचंय ते तीन मिनिटांत सांगून मोकळं व्हायचं. अशा अनेक तबकड्या ठेवायला फोटोच्या अल्बमसारखी जाड पानांची वही मिळायची, त्यावरून 'अल्बम' शब्द आला. एका बाजूला वीसेक मिनिटं मावणारी एलपी बाजारात आली १९४८ मध्ये. त्यामुळे १९३६ चा वादक 'पदार्पण' करायचा ते तीन-तीन मिनिटांच्या दोन बाजूंवर.

पत्रकार नरेश फर्नांडिस यांनी मुंबईच्या जॅझवर पुस्तक लिहिलं तेव्हा नाव याच रेकॉर्डवरून ठेवलं, 'ताजमहाल फॉक्सट्रॉट'. ते २०१२ मध्ये आलं. मुंबईच्या या काळाबद्दल आज इंटरनेटवर जे काही वाचायला मिळतं त्यातलं बरंचसं या एका पुस्तकाच्या मेहनतीवर उभं आहे, हे सांगायलाच हवं.

सिम्फोनियन्स फार काळ स्मिथचे राहिले नाहीत. पुढच्याच वर्षी, १९३७ मध्ये, बँडची सूत्रं टेडी वेदरफर्ड या पियानोवादकाकडे गेली. शिकागोत नाव काढून, शांघाय गाजवून आलेला माणूस. पुढे दुसऱ्या महायुद्धात त्याने कोलकात्याचं ग्रँड हॉटेल दणाणून सोडलं आणि १९४५ मध्ये तिथंच कॉलऱ्याने वारला. वय अवघं ४१.

मागच्या रांगेतले गोवेकर

पण या रेकॉर्डची खरी गंमत मला वाटते ती पुढे काय झालं त्यात.

ताजमध्ये हे बँड वाजत असताना त्यांना कान देऊन ऐकणारी पोरं होती गोव्याची. पोर्तुगीज राजवटीत गोव्याच्या गावोगावी चर्चच्या शाळेत मुलांना नोटेशन वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवलं जायचं. ही मुलं नोकरीसाठी मुंबईला यायची, धोबीतलावच्या परिसरात गावाच्या नावाने चालणाऱ्या 'कूड'मध्ये राहायची आणि बँडमध्ये काम शोधायची. कागदावरचं संगीत ती घडाघडा वाचायची. जॅझमधलं जे कागदावर येत नाही ते मात्र त्यांनी शिकून घेतलं स्मिथ, वेदरफर्ड यांच्यासारख्यांकडून, कुणी ऐकून तर कुणी शेजारी बसून.

यातलाच एक आंतोनियो झेवियर वाझ. १९१६ चा जन्म, गाव बार्देशातलं हळदोणे. वाद्य ट्रम्पेट. मुंबईत त्याने नाव घेतलं 'चिक चॉकलेट'. आर्मस्ट्राँगसारखा हातात रुमाल, तसाच खरखरीत आवाज, म्हणून लोक त्याला भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायला लागले. १९४० च्या दशकात ताजमध्ये बँड उभा राहिला तो चिकचा. ज्या हॉटेलात दहा वर्षांपूर्वी परदेशातून आलेले लीडर गाजत होते, तिथं हळदोण्याचा पोरगा 'म्युझिक मेकर्स' घेऊन उभा होता. स्मिथला जे पन्नाशीत मिळालं ते चिकला तिशीत मिळालं.

मग १९४९ मध्ये मुंबई राज्यात दारूबंदीचा कायदा आला. दारू नाही म्हटल्यावर नाचाच्या रात्री ओसरल्या. बँडवाल्यांचं पोट त्या रात्रींवर होतं. त्यांच्यासाठी दुसरं दार आधीच किलकिलं झालं होतं, ते हिंदी सिनेमाचं.

ते दार उघडणाऱ्यांत आपला मराठी माणूस आघाडीवर होता. सी. रामचंद्र, म्हणजे रामचंद्र चितळकर, नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे. त्यांना पाश्चात्त्य तालाचं वेड आणि चिक चॉकलेट त्यांच्याबरोबर काम करायचा. १९५१ च्या 'अलबेला'त दोघांची भट्टी अशी जमली की भगवानदादांच्या त्या नाचाची नक्कल आजही गणपतीच्या मिरवणुकीत दिसते.

पण इथं आपला सुरुवातीचा प्रश्न परत येतो. 'अलबेला'च्या तबकड्यांवर नाव संगीतकाराचं आणि गायकांचं. ट्रम्पेटवाल्याचं नाही. ताजमध्ये बँडच्या फलकावर झळकणारा चिक स्टुडिओत आला की पुन्हा बाजूचा माणूस व्हायचा. आणि हे एकट्या चिकचं नाही. पन्नास-साठच्या दशकातल्या हिंदी गाण्यांच्या मागे गोवेकर वादकांची आणि अरेंजर्सची मोठी फौज होती. चाल संगीतकाराची असायची, पण कुठे व्हायोलिन उठणार, कुठे ट्रम्पेट कापत जाणार हे बऱ्याचदा अरेंजर लिहायचा. अभ्यासक ग्रेगरी बूथ यांनी या लोकांच्या मुलाखती घेऊन २००८ मध्ये पुस्तक केलं, त्याच्या नावातच 'पडद्यामागे' आहे. 'अमर अकबर अँथनी'तलं अँथनी गोन्साल्विस हे नाव ज्यांच्यावरून आलं ते प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू आणि एक नावाजलेले अरेंजर होते, हे आज किती जणांना ठाऊक आहे? अख्ख्या देशाला नाव पाठ, माणूस माहीतच नाही.

चिकला सिनेमात स्वतःचं नाव मिळालंच नाही असं मात्र नाही. १९५१ मध्येच, 'अलबेला'च्याच साली, 'नादान' नावाचा सिनेमा आला. त्याचा संगीतकार म्हणून नाव होतं चिक चॉकलेट. तलत महमूद यांनी त्यात गायलेलं एक गाणं जुन्या गाण्यांचे शौकीन अजून काढून ऐकतात. गंमत म्हणजे ते ऐकून हा संगीतकार ट्रम्पेटवाला असेल असं वाटणारही नाही, इतकं ते हळुवार आहे. त्यानंतर 'रंगीली' आला. पण संगीतकार म्हणून चिकची गाडी फार पुढे गेली नाही. तो मदन मोहन, सी. रामचंद्र यांच्यासाठी काम करत राहिला आणि रात्री आपला बँड वाजवत राहिला. मे १९६७ मध्ये तो गेला, तेव्हा वय पन्नाशीच्या आसपास होतं. म्हणजे ज्या वयात क्रिकेट स्मिथ ताजमध्ये आपला बँड उभा करत होता, साधारण त्याच वयात.

स्मिथची 'ताजमहाल' आज ऑनलाइन ऐकता येते. खरखर बरीच आहे, हेडफोन लावून ऐका. आणि चिकला बघायचं असेल तर 'अलबेला'तलं 'दीवाना परवाना' लावा. भगवानदादांवरून नजर काढणं अवघड आहे, पण एकदा प्रयत्न करून मागे बघा. झालरीच्या बाह्यांचे शर्ट घातलेला एक बँड दिसेल. ते कुणी एक्स्ट्रा नाहीत, खरेखुरे वादक आहेत. बँड चिक चॉकलेटचा आहे आणि ट्रम्पेट त्याच्याच हातात आहे.